फलकावर नाव नाही

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका गावातून एका बाईंचं पत्र आलं आहे. वय 58, जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या आहेत. गावातल्या ख्रिस्ती मंडळीत गेली 26 वर्षं मुलांची रविवारची शाळा (संडे स्कूल) त्याच घेतात. नाताळची नाटिका बसवणं, आजाऱ्यांना दवाखान्यात जाऊन भेटणं, प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीची भांडी घासूनपुसून ठेवणं, कुणाकडे मयत झाली की पहिली रात्र त्या घरी काढणं, ही कामंही हळूहळू त्यांच्याच गळ्यात आली. गेल्या वर्षी मंदिराला, म्हणजे चर्चला, शंभर वर्षं झाली तेव्हा दाराशी संगमरवरी फलक लागला. त्यावर बिशपांचं, पाळकांचं (पास्टरांचं), मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या प्रत्येक सभासदाचं आणि 11,000 रुपयांच्या वर देणगी देणाऱ्या सगळ्यांचं नाव आहे. बाईंचं नाही. त्यांनी कमिटीच्या सेक्रेटरींना हळूच विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘बाई, आपण देवासाठी करतो ना? तुमचं नाव वर लिहिलंय की!’ आजूबाजूचे हसले. त्याही हसल्या आणि घरी येऊन रडल्या.

त्यानंतर, त्या लिहितात, दवाखान्यात गेलं की प्रार्थनेचा फोटो काढून मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची सवय लागली. एकदा एकाच दिवशी दोघे आजारी असल्याचं कळलं. निवृत्त मुख्याध्यापकांच्या पत्नी खासगी रुग्णालयात होत्या आणि मंदिराजवळच्या गोदामाचा वॉचमन सरकारी दवाखान्यात. बाई खासगी रुग्णालयात गेल्या. ‘तिथला फोटो लोक बघतील, असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू.’ वॉचमनकडे उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणत राहिल्या. तिसऱ्या दिवशी तो वारला.

आता वार्षिक सभा जवळ आली आहे. बायका म्हणतात, तुम्ही कमिटीसाठी उभ्या राहा. यजमान म्हणतात, या वयात खुर्ची कशाला? पुण्यातला मुलगा म्हणतो, सगळं सोडून दे. शिवाय निवृत्तीच्या पैशातून आईच्या स्मरणार्थ 51,000 रुपयांचे पंखे मंदिराला द्यायचं त्यांनी ठरवलं आहे, पात्यांवर नाव घालून. त्यांचा प्रश्न असा: ‘मला मान हवासा वाटतो. ही माझ्या विश्वासातली खोट आहे का? उभी राहू, की सगळं सोडून घरी बसू?’

*

ताई, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा फलकापाशी अडले, दुसऱ्यांदा वॉचमनपाशी. तुम्ही या दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यात आणि वर ‘माझा अहंकार’ अशी चिठ्ठी लावलीत. ती चिठ्ठी मला अर्धीच पटते. म्हणून आधी गाठोडं सोडू.

फलकाबद्दल बोलण्याआधी माझ्या आईचं सांगते. मी पाळकांच्या घरात वाढले. वडिलांची बदली झाली की गाव बदलायचं, आईचं काम तेच राहायचं. दर रविवारी उपासनेनंतर साठ-सत्तर कप चहा. तो लोकांना दिसायचा. दुपारी मागच्या पडवीत ती बायकांना अक्षरओळख करून द्यायची, ते फारसं कुणाला दिसायचं नाही. अशा तीस-चाळीस बायका तरी तिच्यापाशी वाचायला शिकल्या असतील. ती गेली तेव्हा स्मरणसभेत चौघेजण बोलले आणि चौघांनीही चहाची आठवण काढली. मला त्या दिवशी हसू आलं होतं. राग यायला सात-आठ वर्षं लागली. राग आला तेव्हा मीही तुमच्यासारखीच घाबरले, की आई तर कधी तक्रार करत नव्हती, मग मला तिच्या वतीनं मान हवाय का? आता वाटतं, तो मानाचा प्रश्नच नव्हता. घडलेली गोष्ट घडलीच नाही असं व्हायला लागलं होतं, ते मला सहन होत नव्हतं.

तुमच्या बाबतीतही तसंच झालंय का, हे तपासून पाहा. फलक इतिहास म्हणून लावला गेला. शंभर वर्षांत या मंदिरात काय झालं ते त्यावर लिहिलंय, आणि त्या लिहिण्यात 26 वर्षांची रविवारची शाळा झालेलीच नाही. हे तुम्हाला खुपलं. यात मला विश्वासातली खोट दिसत नाही.

‘आपण देवासाठी करतो ना?’ हे वाक्य खरंच आहे. पण ते कोण कुणाला म्हणतोय, हे बघावं लागतं. ते वाक्य तुम्ही स्वतःशी म्हणालात तर ती प्रार्थना. ज्याचं नाव त्याच फलकावर तिसऱ्या ओळीत कोरलंय, त्यानं तुम्हाला म्हटलं तर तो तुम्हाला गप्प बसवण्याचा प्रकार झाला. नावं वरच लिहिली जातात असा नियम असेल तर तो सेक्रेटरींनाही लागू आहे, आणि 11,000 रुपयेवाल्यांनाही. मग फलक कोराच लावायचा होता, कोरणावळीचे पैसे तरी वाचले असते. (माफ करा, पाळकाची मुलगी असल्यानं कमिट्या फार जवळून पाहिल्यात.)

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय तुम्ही रविवारच्या शाळेत कधी शिकवलाय का? बहुतेक नसेल. नुसती नावं आहेत म्हणून आपण तो चाळून पुढं जातो. पण एवढं मोठं, जड पत्र लिहून झाल्यावर प्रेषित पौल काय करतो पाहा. पंचवीसेक माणसांची नावं घेऊन त्यांना सलाम सांगतो. सुरुवात फिबी नावाच्या बाईपासून, जी किंख्रियातल्या मंडळीची सेविका होती. मग प्रिस्किल्ला आणि अक्विला, त्यातही नवऱ्याच्या आधी बायकोचं नाव. मग एक मरीया, जिनं पुष्कळ श्रम केले. त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस, याही श्रम करणाऱ्या बायका. रूफसच्या आईला तो ‘माझीही आईच’ म्हणतो, पण तिचं नाव लिहायचं राहून जातं. पौलाच्याही फलकावर एक नाव राहिलंच, असं म्हणा हवं तर. आणि मला सगळ्यात आवडतो तो तर्तियुस. पौल सांगत होता आणि हा लिहून घेत होता. सोळा अध्याय निमूटपणे लिहिल्यावर शेवटी त्यानं एक ओळ स्वतःची घातली: हे पत्र लिहिणारा मी तर्तियुस, माझाही सलाम घ्या. पौलानं ती ओळ खोडायला लावली नाही. आजवर एकाही पाळकानं व्यासपीठावरून तर्तियुसला अहंकारी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

नाव घेतलं जावं असं वाटणं आणि इतरांच्या वर बसावं असं वाटणं, यात मी फरक करते. येशूच्या शिष्यांपैकी जब्दीच्या दोन मुलांनी मागितलं ते दुसरं होतं: येशूच्या उजवीकडची आणि डावीकडची जागा. त्या गोष्टीत आपण याकोब आणि योहान यांनाच नावं ठेवतो, पण उरलेले दहा शिष्य चिडले ते काय नम्र होते म्हणून? त्यांनाही तीच जागा हवी होती. येशूनं मात्र ‘मोठं व्हावंसं वाटतं हेच चूक’ असं कुणालाच म्हटलं नाही. मोठं व्हायचंय ना, मग सेवक हो, असं म्हणाला. आणि नंतर त्यानं शिष्यांचे पाय धुतले, त्याचाही शेवट आपण सोयीनं विसरतो. पाय धुवून झाल्यावर त्यानं पुन्हा अंगावर वस्त्रं घेतली, आपल्या जागी बसला आणि म्हणाला, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता, ते बरोबरच आहे. कंबरेला रुमाल बांधला म्हणून मी कुणीच नाही असं काही तो म्हणाला नाही. नम्रता म्हणजे स्वतःला पुसून टाकणं, हे आपल्याकडे कुठून आलं कोण जाणे. विशेषतः बायकांना ते फार लवकर शिकवलं जातं.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही नक्की मुलांना सांगत असाल, केडगावच्या मुक्ती मिशनमुळे. त्यांच्या इंग्लंडच्या दिवसांतली एक गोष्ट मात्र आपल्या मंडळ्यांमध्ये सहसा सांगितली जात नाही. 1883 मध्ये त्यांचा वांटेजला बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं का, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी त्याला विरोध केला. रमाबाईंनी मान डोलावली नाही, वाद घातला. ज्यांनी त्यांना आईच्या मायेनं विश्वासात आणलं त्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाईंच्या वागण्यात गर्व दिसू लागला. तेव्हा रमाबाईंनी जे लिहिलं त्याचा अर्थ असा: पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टानं मान सोडवली आहे, आता तसलंच दुसरं जोखड घेणार नाही. याच बाईंनी पुढे दुष्काळातल्या पोरक्या मुलींना गोळा करून केडगावला आणलं. 1900 च्या सुमाराला तिथं दोन हजारांच्या आसपास मुली आणि बायका होत्या. त्यांच्या जेवणापासून छापखान्यापर्यंत सगळं रमाबाईंनी पाहिलं, आणि 1922 मध्ये वारल्या तोवर बायबलच्या भाषांतरालाही वाहून घेतलं. ज्यांना गर्विष्ठ म्हटलं गेलं, त्यांनी केलेली ही सेवा आहे. तेव्हा सेक्रेटरींना एक प्रश्न विचारल्यानं आपली नम्रता गेली, असं समजू नका.

इथवर मी तुमच्या बाजूनं बोलले. आता वॉचमन.

तो तुम्ही गेला नाहीत म्हणून वारला नाही, हे तुम्हालाही कळतं, त्यामुळे त्यावर मी शब्द खर्च करत नाही. त्या दिवशी कुठं जायचं हे कशानं ठरवलंत, ते तुम्ही स्वतःच लिहिलंत. कुणी विचारलं नसताना लिहिलंत. ते सोपं नव्हतं. म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगायचा धीर करते. तुम्ही मला पाळकांचं, सेक्रेटरींचं, मुख्याध्यापकांच्या पत्नीचं, अगदी फलक कोरणाऱ्या कारागिराचंही नाव लिहून पाठवलं होतं. छापण्याआधी ती सगळी मी काढली. वॉचमनचं नाव मला काढावं लागलं नाही. ते पत्रात नव्हतंच.

वाचून वाईट वाटेल. पण फलक लावणाऱ्यांनी तुमच्याशी जे केलं, तेच आपण नकळत खालच्या पायरीवर केलं, असं तुम्हाला दिसतंय का? मी म्हणाले होते गाठोडं सोडू, दोन गोष्टी वेगळ्या करू. सोडल्यावर दिसतं की दोरा एकच होता. फलकानं उपाशी ठेवलं, आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवरचे जोडलेले हात नि फुलं हे त्या भुकेवरचं खाणं झालं. त्यानं पोट भरत नाही, आणि हळूहळू ते खाणंच ठरवायला लागतं की कुठल्या दवाखान्यात जायचं. मान हवासा वाटणं मला दोषाचं वाटत नाही. मान बघून आपली पावलं वळायला लागली की तिथं थांबावं. तुमची पावलं एकदा वळली. 26 वर्षांत एकदा, असं मी धरून चालते.

यावर उपाय अगदी साधा आहे, आणि तो माझ्याकडं अशीच पत्रं पाठवणाऱ्या तीन-चार जणांनाही सांगते. (यातले दोघे तर पाळकच आहेत, त्यांचा फेसबुकचा प्रश्न आहे.) आजाऱ्याकडं जाताना फोन घरी ठेवा, किंवा पिशवीत बंद करून. फोटो अजिबात नको. आजारी माणसाची परवानगी घेऊन टाकला तर चालेल का, असं विचाराल. नाही. सलाइन लावलेला माणूस प्रार्थना करायला आलेल्या बाईंना नाही कसं म्हणणार? मंडळीला आजाऱ्यांची माहिती मिळायला हवी हे खरं, तर ती रविवारी सूचनांच्या वेळी पाळकांनी सांगावी, नावासकट, प्रार्थनेसाठी. कोण भेटून आलं ते सांगायची गरज नाही. आणि दोन ठिकाणी जायचं असेल तर ज्याच्या खाटेजवळ कुणी बसलेलं नसेल तिथं आधी जा. विचार करावा लागू नये म्हणून असा नियमच करून टाकलेला बरा. मी स्वतः तो पाळायचा प्रयत्न करते, दर वेळी जमतो असं नाही.

पंख्यांचं थोडक्यात. आईच्या नावानं मंदिरात काही द्यावं, ही चाल जुनी आहे. आपल्या कितीतरी मंदिरांतल्या बाकांवर गेलेल्यांची नावं आहेत, आणि उपासनेत कंटाळलेली मुलं ती वाचत बसतात. मीही वाचलीत. माझा त्याला विरोध नाही. पण तुमचे पंखे फलकाला उत्तर म्हणून निघालेत, अशी मला शंका आहे. एक करून पाहा. पात्यांवर नाव न घालता हेच पैसे द्यायचे म्हटलं, तर तुम्ही द्याल का? लगेच ‘हो’ आलं तर खुशाल नाव घालून द्या. मन जरा घुटमळलं, तर वार्षिक सभा होईपर्यंत थांबा. 51,000 रुपये थोडे नाहीत, आणि ते निवृत्तीच्या पैशातले आहेत. आजारपणाची सोय बाजूला काढून ठेवली आहे ना, हेही पाहा. आणि मंदिराला खरंच पंखे हवेत का, हे कुणाला विचारलंत का? शंभर वर्षांच्या मंदिरात बायकांसाठी धड स्वच्छतागृह नसतं, म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवत नाहीत आणि पंखे मात्र ओळीनं बारा, हे चित्र मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. पायऱ्यांच्या कडेच्या लोखंडी कठड्यावर कुणी नाव कोरत नाही, म्हणून तो कुणी देत नाही. शिवाय पंख्यावरचं नाव पंखा बंद असतानाच वाचता येतं.

आता निवडणूक. ‘या वयात खुर्ची कशाला’ हा प्रश्न तुमच्या यजमानांनी प्रेमानं विचारला असेल. पण सेक्रेटरींच्या घरी हा प्रश्न कुणी विचारला असेल का? पुरुषानं उभं राहिलं की जबाबदारी आणि बाईनं उभं राहिलं की हौस, असं आपण धरून चालतो. तुमच्या पत्रातही ते शिरलंय. ‘मला मान हवा आहे, म्हणून उभी राहू का?’ असं तुम्ही विचारता. मी प्रश्न जरा फिरवते. मान अजिबात मिळणार नसेल तर उभ्या राहाल का? कारण पास्टोरेट कमिटीत मान मिळतो तो पहिल्या सभेपुरता. मग फाइल येते. ऑडिटचे शेरे, जागेचा उतारा, कुंपणाचा वाद, पाळकांचा थकलेला पगार, वीजबिल, आणि कुणाच्या लग्नाला हॉल कमी पैशांत द्यायचा यावरून दोन घरांत आलेला अबोला. तुम्ही शाळेत अनेक वर्षं हजेरीपट नि पोषण आहाराचे हिशेब सांभाळलेत, तेव्हा हे काम तुम्हाला जमेल. ते तुम्हाला करायचंय का, एवढंच बघा.

उभं राहण्याआधी एका कागदावर लिहून काढा की निवडून आले तर या मुदतीत मी काय करीन. तीन गोष्टी पुरेत. त्यातली एक तरी अशी असावी जी तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची आहे: स्वच्छतागृह म्हणा, रविवारच्या शाळेसाठी वेगळी खोली म्हणा. कागद कोरा राहिला आणि डोक्यात फक्त सेक्रेटरींचा चेहरा येत राहिला, तर या वर्षी नको. कागद भरला तर अर्ज भरा, आणि यजमानांना तो कागद दाखवा. बायकांना सांगा की माझ्यासाठी मतं मागताना कुणाची उणीदुणी काढायची नाहीत. आणि हरलात, तर पुढच्या रविवारी मुलांसमोर नेहमीच्या वेळेला उभ्या राहा. ते जमणार नाही असं आत्ताच वाटत असेल तर तेही उत्तरच समजा.

मुलगा म्हणतो सोडून दे. त्याला आईचं रडणं दिसलं असणार. ते अगदीच चूक नाही. फक्त रुसून सोडणं वेगळं आणि सांगून थांबणं वेगळं. रुसून सोडलं की लोक समजूत काढायला यावेत अशी वाट बघत आपण घरी बसतो, आणि कुणी आलं नाही की फलकाहून मोठी जखम होते. सांगून थांबणं म्हणजे, पाळकसाहेबांना म्हणायचं, दोन महिने मी विश्रांती घेते, या काळात अमकी आणि तमकी शाळा घेतील.

आणि इथं मला तुम्हालाच एक विचारायचंय. अमकी आणि तमकी आहेत का? 26 वर्षांत प्रभुभोजनाची भांडी तुम्ही दुसऱ्या कुणाला घासू दिलीत का? की ‘तिला नीट पुसता येत नाही, डाग राहतात’ म्हणून परत हातात घेतलीत? माझ्या आईनं चहाची किटली कधी कुणाच्या हाती दिली नाही. लोकांनी फक्त चहाच लक्षात ठेवला, यात थोडा तिचाही हात होता, हे मला फार उशिरा कळलं. सेवा करता करता आपण ती मुठीत धरतो, आणि मग एकटीच राबते म्हणून दुखतं. येशूकडून पाय धुऊन घ्यायला त्याचा शिष्य पेत्र यानं आधी नकार दिला होता, आठवतं? दुसऱ्याला करू देणं त्यालाही जड गेलं.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानं 1970 मध्ये जामखेडला आरोग्याचं काम सुरू केलं. आधी गावोगावी शिकलेल्या नर्स ठेवून पाहिल्या, ते नीट चाललं नाही. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित, ज्यांना गावात कुणी ‘या, बसा’ म्हणत नव्हतं. त्या आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावी जाऊन बाळंतपणं, मुलांची वजनं, जुलाबावरचं साखर-मिठाचं पाणी, सगळं करायच्या. डॉक्टरांची विद्या डॉक्टरांनी हातची सोडली. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी तो नाकारला नाही. पण हे काम पाहायला जगभरातून जी माणसं जामखेडला येतात, त्यांना ते शिकवतात कोण, तर याच ग्रामआरोग्य सेविका. मान आला तरी चालतो, तो वाटायची सोय आधी करून ठेवलेली असावी, एवढं मी त्यातून घेतलं. तुमच्या रविवारच्या शाळेतून गेलेल्या मुली आता विशी-पंचविशीच्या असतील. त्यातल्या दोघींना या महिन्यापासून वर्ग द्या. त्या चुकतील. मागच्या बाकावर बसून बघा, उठू नका.

राहिला फलक. तो आता फोडायचा नाही, आणि शेजारी दुसरा लावायला सांगायचाही नाही. पण गप्पही बसायचं नाही. सभेच्या आधी, सभेत नव्हे, पाळकसाहेबांकडं जा. यजमानांना बरोबर न्यायचं असेल तर न्या, बोला मात्र तुम्हीच. ‘माझं नाव टाका’ असं म्हणू नका. ते म्हणणं पाप आहे म्हणून नव्हे. त्यावर ‘बघू’ असं उत्तर येतं, म्हणून. एवढंच म्हणा: ‘मी विचारलं तेव्हा माझ्यावर हसले, ते मला लागलं. आणि फलकावर ज्यांची नावं नाहीत अशा लोकांनीही हे मंदिर चालवलंय, ते कुठंतरी लिहून राहायला हवं.’ मग यादी द्या. रविवारची शाळा घेणारे सगळे, तुमच्या आधीचे धरून. घंटा वाजवणारे, झाडलोट करणारे. पेटी वाजवणारे. बायबल सांगत खेड्यापाड्यांतून पायी फिरलेल्या बायबल-बाया, ज्यांची नावं आता दोन-चार म्हाताऱ्यांनाच आठवत असतील. ती पुढच्या वर्षी आठवणार नाहीत, म्हणून हे लवकर करा. एक जाड वही घ्या, रविवारच्या शाळेतल्या मोठ्या मुलांना बरोबर घ्या, घरोघर जाऊन विचारा, लिहून घ्या. ती वही मंदिराच्या कपाटात बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी ठेवायला सांगा. त्यात तुमचंही नाव घाला. तुमच्या हातानं, योग्य जागी, वर्षांसकट. तर्तियुसनं घातलं तसं.

वहीचं पहिलं पान उघडण्याआधी एक काम आहे. तो वॉचमन कोणत्या गावचा, त्याच्या मागं बायको आहे का, मुलं कुठं असतात, तुमच्या पत्रातून मला कळलं नाही. गोदामाच्या मालकाला माहीत असेल. तो तुमच्या मंडळीचा सभासद होता की नव्हता, याची चौकशी करत बसू नका. संध्याकाळच्या वेळी जा, कामावरून माणसं परत आलेली असतात. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण, तर नाव सांगा, आणि दवाखान्यात यायचं राहून गेलं म्हणून आज आले, असं सांगा. त्याचंही नाव विचारून घ्या.